आप्पांचे कोरडे रॉड

मासे धरायचा रॉड विकत घ्यायच्या आधी तो गळ्याला लावून बघायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला आहे. मी काही मागायला गेले नव्हते हे ज्ञान. माझ्या हातात कणकेचा गोळा होता, तव्यावर पोळी होती, आणि खोलीचे मालक दारात उभे राहून म्हणाले, "मावशी, जरा मान वर करा." मी केली. त्यांनी एक लांबलचक काळी काठी आणली, तिचा बुडखा माझ्या गळ्याला टेकवला, आणि स्वतः पार दुसऱ्या टोकाशी जाऊन नखानं टिचकी मारली.

"आली का?"

"काय यायचंय?"

"टिचकी. गळ्यात आली का?"

"आप्पा, पोळी करपली."

"करपू द्या. टिचकी आली का न्हाई ते सांगा."

आली होती. खोटं कशाला बोलू? टोकावरची टिचकी गळ्यात अशी लागली, जशी शेजारणीनं भिंतीवर थाप मारावी. मी 'हो' म्हणाले तर म्हातारा असा खूश झाला, जसं काही मी त्याला नातू झाल्याचं सांगितलं. म्हणाले, "ह्याला म्हंत्यात रॉड. मासा खाली तोंड लावंल आन् वर गळ्याला कळंल." आणि गेले निघून. माझी पोळी गेली ती गेलीच.

हे आमचे आप्पा. नाव लिहीत नाही, त्यांचा मुलगा वाचेल. सणसवाडीत त्यांच्या दहा-बारा खोल्या, सगळ्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. रस्त्याकडची शटरची मोठी खोली माझी, म्हणजे माझ्या खानावळीची. नवरा वारला, तेव्हापासून हीच खोली माझं सासर आणि हीच माहेर. सकाळी चाळीसभर डबे आणि संध्याकाळी पंगत. गॅस तिथं, पाणी तिथं, सांडपाण्याची मोरी तिथं, आणि कंपनीचं गेट पन्नास पावलांवर. ही खोली गेली असती तर मी गावी दिराच्या दारात जाऊन बसले असते, आणि दिराचं दार कसं आहे ते मी एकदा बघून आलेय. म्हणून आधीच सांगून ठेवते, आप्पांवर मी हसते ती मजेनं हसते, पण एका दसऱ्याआधी ह्याच माणसानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

तर रॉड. आप्पांकडे रॉड सव्वीस. रिळं किती ते त्यांनाही सांगता येत नसे. वर डबे भरून रबरी बेडूक, चकाकणारे खोटे मासे, शिसाचे गोळे, आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तर इतका, की साऱ्या शिरूर तालुक्याचं वाळवण त्यावर टांगून निघालं असतं. एवढ्या सामानातनं आप्पांनी आयुष्यात किती मासे धरले? एकही नाही. बरं, धरत नाही तर नाही, खाता तरी का? ते पण नाही. गळ्यात तुळशीची माळ! आईनं मरताना घातलेली. माझ्याकडे बुधवारी अंड्याची भाजी असली की आप्पा त्या दिवशी आमच्या ओट्यावरनंसुद्धा जात नसत, पलीकडनं वळसा घालायचे.

मी एकदा विचारलं, "आप्पा, माळकरी माणसाला हो कशाला हा उद्योग?"

"माळ मारण्याला आडवी येती. निवडण्याला न्हाई."

घ्या! आहे का उत्तर?

ह्या निवडण्याचं मूळ मला पुढं कळलं. आप्पा तीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटीला होते. क्वालिटीला म्हणजे काय, तर दुसऱ्यानं घाम गाळून केलेला माल बघायचा आणि नाक मुरडायचं. हे बाद, ते बाद. तीस वर्षं माणूस नाही-नाही करत बसला की त्याच्या तोंडातली 'हो'ची जागाच बुजून जाते. रिटायर झाले आणि बाद करायला काही उरलं नाही. मग मोबाइलवर कुठल्या तरी गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघायला लागले. तो माणूस बास नावाचा मासा धरायचा, आणि त्याच्यासाठी कुठला रॉड, कुठलं रीळ, कुठल्या पाण्याला कुठला रंग, असं तासन् तास सांगायचा. हा बास मासा अमेरिकेत असतो म्हणे. आपल्या घोड नदीत नाही, भीमेत नाही, कुठल्या ओढ्यात नाही. पण आप्पांनी सगळं सामान घेतलं ते बासचं. जो मासा इथं नाही, जो धरायचा नाही, जो खायचा नाही, त्याच्यासाठी सव्वीस रॉड. मी म्हणते, घरात मुलगी नसताना जावयासाठी अंगठ्या करून ठेवणारा माणूस तरी ह्याच्यापेक्षा शहाणा.

पण निवडायची पद्धत बघावी. कुरिअरवाला रॉड आणून द्यायचा, तो दिवस आमच्या चाळीत लग्नघरासारखा. आप्पा पहिल्यांदा माझ्याकडे यायचे आणि वातींचा कापूस मागायचे. तो कापूस रॉडच्या एकेका कडीतनं फिरवायचे. कापसाचा एक तंतू कुठं अडकला, की कडी खरबरीत, म्हणजे तंगूस तिथं झिजून तुटणार, म्हणजे रॉड बाद. मग रॉड बोटावर आडवा तोलायचा, तो रिळाच्या जागी तोलला पाहिजे, पुढं झुकला तर बाद. मग टोक छताला लावून दाबायचं आणि वाकतो कुठं ते बघायचं. शेंड्याकडं वाकला तर वेगळा, कमरेपासून वाकला तर वेगळा. मग रीळ कानाशी धरून फिरवायचं, डोळे मिटून, वैद्यानं नाडी धरावी तसं. आणि शेवटी ते गळ्याला लावणं. स्वतःच्या गळ्याला लावत नसत, माळ मध्ये येते म्हणून. मग गळा कुणाचा? माझा. रस्त्यापलीकडं राहणाऱ्या आणि माझ्याकडं जेवणाऱ्या बिहारी फिटरचा. एकदा मीटर रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाचा. तो बिचारा दुसऱ्या महिन्यापासून लांबनंच मीटर बघून जायला लागला.

गच्चीवर रोज संध्याकाळी आप्पांची फेक चालायची. गळ लावायचा नाही, नुसता शिसाचा गोळा. समोरच्या टाकीवर खडूनं गोल काढलेला. तो गोल सोडून तो गोळा सगळीकडं गेला. एकदा तर तंगूस फिटरच्या वाळत घातलेल्या बनियनला गुंडाळला आणि आप्पांनी जोर लावून ओढला, तर बनियन रस्त्यावरनं तरंगत आमच्या चाळीत. खाली फिटर ओरडतोय, "अप्पा, मेरा बनियन!" आणि आप्पा वरनं म्हणतायत, "रुको, अभी खेलाने दो, जोर मत लगाओ!" आयुष्यात त्यांनी ओढून आणलेला हा एकच जीव. तोही सुती.

लोकांच्या रॉडबद्दल बोलायला लागले की मात्र जिभेला हाड नाही. शिरूरचा एक डॉक्टर मुद्दाम गाडी घेऊन रॉड दाखवायला आला. एवढा शिकलेला माणूस, चपला बाहेर काढून बसला. आप्पांनी त्याचा रॉड हातात घेतला, एकदा हलवला, आणि मला हाक मारली, "मावशी, तुमचा पडद्याचा पाइप बाहेर कुणी आणला?" दुसऱ्या एकाचं रीळ कानाशी धरून म्हणाले, "ह्यात दळण टाकलंय का?" आणि तिसऱ्याला तर सरळच, "हा दोडक्याच्या मांडवाला लावा, वेल खूश हुईल." लोक तरी काय, शिव्या खायला पुन्हा यायचे. माणूस जितका तोंडाळ, तितका त्याला खरं ज्ञान, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. डॉक्टरला तर असं वाटायचं, की आप्पांनी घोड नदी उपसून ठेवलीय.

मला एकदा त्यांच्याबरोबर इनामगावला जायचा योग आला. तिथली एक बाई मला वांगी देते, आणि आप्पांना नदीवर जायचं होतं, मग त्यांच्याच टेम्पोत बसले. टेम्पोत रॉड गादीवर झोपलेले आणि मी पोत्यावर. नदीवर एक म्हातारा कळकाची काठी टाकून बसला होता, शेजारी पिठाच्या गोळ्या. आप्पा त्याच्यामागं जाऊन उभे राहिले आणि सुरू झाले. काठी जड हाय, तंगूस जाड हाय, गळ मोठा हाय, बसायची जागा चुकीची हाय. म्हातारा ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं दोन चिलापी काढल्या आणि पिशवीत टाकल्या.

मग मान वळवून म्हणाला, "तुमचा कवा टाकणार?"

आप्पांनी गळ्यातली माळ दाखवली.

म्हाताऱ्यानं माळ बघितली, गळाला नवी गोळी लावली. मग म्हणाला, "मंजी सोवळं नेसून कुस्त्या शिकवताय व्हय?"

परतताना आप्पा वरवंटा गिळल्यासारखे गप्प. शिक्रापूर आलं तेव्हा एकदाच बोलले. "त्याचा गळ मोठाच होता, मावशी." मी वांगी मोजल्यासारखं केलं.

तर असा हा माणूस, आणि ह्या माणसाच्या डोक्यात एके दिवशी आलं, की दुकान काढायचं. रॉडचं, रिळाचं. "ह्या भागाला चांगला रॉड कसा असतो ते म्हाईतच न्हाई. कुणीतरी दाखवाया पायजे." आणि दुकानाला रस्त्याकडची, शटरची, कोरड्या भिंतीची खोली पाहिजे. म्हणजे माझी.

"मावशी, दसऱ्याला खोली मोकळी करा."

सहज म्हणाले. जसं कापूस मागतात तसं. मी त्या रात्री आमटीत मीठ दोनदा टाकलं. फिटर पाणी पिऊन पिऊन जेवला. दुसऱ्या दिवशी मी आजूबाजूला सगळीकडं फिरले. खोल्या होत्या, पण कुठं मोरी नाही, कुठं 'खानावळ नको, झुरळं होतात'. माझ्या हाताखाली दोन बाया, त्यांची तोंडं माझ्याकडं. मला वाटलं, माणसं गेली उडत, ह्यांच्या काठ्यांना कोरडी भिंत पाहिजे! चीड आली. आणि चीड आली की मला सुचतं.

मी वर गेले. आप्पा रिळाला तेल घालत होते.

मी म्हणाले, "आप्पा, खोली तुमची. तुम्ही म्हणाल तर मी जाते. पण एक करा. येत्या रविवारी माझ्या ओट्यावर दुकान मांडा. दिवस मावळेपर्यंत एक रॉड तुमच्या हातानं विकून दाखवा. विकला, तर दसऱ्याची वाट न बघता मी भांडी उचलते. न्हाई विकला, तर ह्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं न्हाई."

आप्पा हसले. "एक? धा जातील."

"एक," मी म्हणाले.

मला खात्री होती. तीस वर्षं माल बाद केलेला माणूस गिऱ्हाईक पास करील होय?

रविवार उजाडला. ओट्यावर माझीच सतरंजी, तिच्यावर रॉड ओळीनं आडवे, कडेला रिळं. डॉक्टरनं इकडं-तिकडं सांगितलेलं, म्हणून माणसं बऱ्यापैकी आली. मी आत भाकरी थापत होते आणि कान बाहेर.

पहिला आला आमचा फिटर. "अप्पा, कोई सस्ता वाला दे दो, छुट्टी में गाँव ले जाएँगे."

"कौन सा मछली पकडने का?"

"जो आ जाए."

"जो आ जाए? ऐसा पकडते क्या? पहले मछली तय करो, फिर आओ." गेला एक.

मग शिरूरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक. सगळे व्हिडिओ बघून, वहीत टिपून आलेले. आप्पांनी रॉडचा बुडखा त्यांच्या गळ्याला लावला, टोकाला टिचकी मारली. "काय ऐकू आलं?"

"नाही बुवा काही."

"मंग कशाला घेता? रॉड बोलणार आन् तुम्ही बहिरे. संसारात बहिरं ऱ्हाता तेवढं पुरं हाय की." प्राध्यापकांची बायको बरोबर होती. ती हसली, ते हसले नाहीत.

मग पांढऱ्या कपड्यातले एक पुढारी. फार्महाउसवर पाहुण्यांसाठी एकदम तीन पाहिजेत. माझा हात थबकला. तीन! पुढारी म्हणाले, "लाल रंगात आहेत का?"

"लाल लुगडी बाजारात मिळत्यात," आप्पा म्हणाले. "म्होरं व्हा."

मी आत पदरात तोंड खुपसून हसत होते. चार वाजले, पाच वाजले. दोन बायांना म्हणाले, आज गोड करू.

आणि मग तो आला. वरवंडचा शेतकरी, साधा, मोटारसायकलवर मागं गोण्या बांधलेल्या. मेव्हण्याकडं आला होता आणि कळलं म्हणून वळला होता. फार बोलला नाही. ओळीतला एक रॉड उचलला आणि बोटावर आडवा तोलला. आप्पांनी सांगायच्या आधी! मी भाकरी तव्यावर टाकली आणि दाराशी आले.

"कोणता मासा?" आप्पांनी विचारलं.

"मरळ."

"पाणी?"

"तळ्याचं. शेवाळ हाय, लई."

"हात?"

"डावखुरा."

"गळ्याला लावा."

त्यानं लावला. आप्पांनी टिचकी मारली, आणि मला तर वाटलं, मुद्दाम हळू मारली. तरी तो म्हणाला, "आली."

आप्पांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. तीस वर्षं माल तपासून एखादा तरी पुर्जा असा निघाला असेल, की ज्याला नाव ठेवायला जागा नाही. तेव्हा हा असाच दिसला असेल. म्हणाले, "घेऊन जा. हा तुमचाच हाय." त्यानं पैसे दिले, आप्पांनी घेतले, न मोजता खिशात घातले. माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

मी आत आले. शब्द म्हणजे शब्द. वरच्या फळीवरनं मोठं पातेलं काढलं, मग त्याच्या आतलं, मग परात. एक बाई रडायला लागली. मी म्हणाले, रडू नको, ती झाकणं दे इकडं. माझ्या डोळ्यांपुढं दिराचं दार होतं, आणि दारात जाऊ.

तेवढ्यात बाहेर आप्पांचा आवाज. "ओ! ओ पावणं! थांबा!"

धावत बाहेर आले तर काय, तो माणूस निघाला होता. रॉड त्यानं गोण्यांवर आडवा टाकून रबरी दोरीनं करकचून आवळला होता, आणि शेंडा मागं लोंबत रस्त्याला टेकत होता. उसाच्या मोळीत काठी खोचावी तसा. आणि त्याच्यामागं आप्पा. अनवाणी! गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना दोनदा थांबणारा माणूस, हायवेच्या कडेनं धोतर सावरत पळतोय. ट्रकवाले हॉर्न मारतायत. गतिरोधकापाशी त्यांनी मोटारसायकल गाठली आणि मागनं दोरीच धरली.

"काय झालं?"

"सोडा. रॉड सोडा."

"अवो, पैसे दिल्यात मी."

"हे घ्या तुमचे पैसे. हात बरोबर हाय तुमचा, गाडी बरोबर न्हाई. वरवंडला जाईस्तोवर शेंडा ऱ्हाईल का?"

"मोडला तर माझा मोडंल. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जायाचं? रॉड जाईल!"

त्यानं पैसे घेतले, दोरी सोडली. हात जोडून गेला.

आप्पा रॉड छातीशी धरून परत आले. ओट्यावर बसले, उपरण्यानं शेंडा पुसला, एक-एक कडी पुसली. मग खिशातनं माझाच कापूस काढून कड्यांमधनं फिरवला. पाय रक्ताळलेले होते, तिकडं लक्ष नाही. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही विकला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी भांडी काढतेय."

"कोण म्हंतंय विकला? रॉड हितं हाय."

मी तांब्या पुढं सरकवला.

मग सतरंजीकडं बघत म्हणाले, "दुकान कुणासाठी काढू, मावशी? ह्या भागात गिऱ्हाईकच न्हाई. तुमचं गिऱ्हाईक बरं. म्होरं येईल ते खातंय."

माझ्या स्वयंपाकाचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि एवढी खूशही मी कधी झाले नव्हते. मी पातेली परत फळीवर चढवली. गोड केलंच. आप्पांना वाटी दिली, ती त्यांनी बाद केली. वेलदोडा जास्त झाला म्हणे.

पुढं गुडघे अगदीच गेले आणि मुलगा त्यांना दौंडला घेऊन गेला. जाण्याआधी दोन दिवस आप्पा खोलीत रॉड उघडून बसले होते. मला वाटलं, बांधाबांध चाललीय. निघायच्या सकाळी आले आणि एक रॉड माझ्या हातात दिला. "तुमची उंची बघून सहा फुटी काढलाय. भाकऱ्या थापून मनगट तयार झालंय, म्हणून मधला, लई नरम न्हाई. आन् तुम्हाला टिचकी ऐकू येती." म्हणजे दोन दिवस ते माझ्यासाठी निवडत बसले होते. सव्वीस रॉडांत माझा एक. मी म्हणाले, मी काय करू ह्याचं? तर म्हणाले, "ते माझं काम न्हाई," आणि टेम्पोत बसले.

ह्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. खोली कशी आहे, भाडेकरू कसे आहेत, काही नाही. एकदम, "रॉड वापरता का?"

मी गच्चीवर कुरडया राखत बसले होते आणि रॉड माझ्या हातातच होता. ह्या रॉडसारखं कावळे हाकलायचं साधन जगात नाही. जागेवरनं न उठता नुसता झटका द्यायचा, शेंडा असा सपकन् वाजतो, की कावळाच काय, शेजारणीचं मांजरसुद्धा पुन्हा येत नाही. पण हे त्यांना सांगायचं कसं? अमेरिकेच्या माशाचा रॉड आणि कावळ्यावर! मनात म्हटलं, आता खा म्हातारे शिव्या. तरी खरं ते सांगून टाकलं.

तेवढ्यात एक कावळा आला, त्याला झटका दिला.

मग आप्पांनी विचारलं, "झटका मनगटातनं देता का खांद्यातनं?"

"मनगटातनं."

"मंग बरोबर," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. मावशी, तुम्ही कशा आहात, एवढंसुद्धा विचारलं नाही म्हाताऱ्यानं.